खाडीकाठी जायचं तर तिथी बघून निघा

‘खाडीवर गेलो, तासभर उभे राहिलो, नुसतं पाणीच पाणी. एक पक्षी दिसेल तर शपथ.’ ठाण्यात, कळव्यात, डोंबिवलीत ही तक्रार पुष्कळदा कानावर येते. तक्रार करणारे खोटं बोलत नसतात. ते रविवार बघून निघालेले असतात आणि खाडीला रविवारशी काही देणंघेणं नसतं. तिचं वेळापत्रक चंद्रावर चालतं. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि रोज ती वेळ साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. भर भरतीला काठावर पोचलात तर सगळा चिखल पाण्याखाली असतो. पक्ष्यांचं ताट त्या चिखलातच मांडलेलं असल्यामुळे तेही तेव्हा लांब कुठे तरी विसावलेले असतात. तीच जागा चार तासांनी बघितलीत, तर ओळखू येणार नाही.

भरतीची वेळ काढायचा कोळ्यांचा हिशोब फार सोपा आहे, आणि त्यासाठी मोबाइल लागत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवशीची तिथी बघा आणि तिची पाऊणपट करा. आलेला आकडा म्हणजे भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. द्वादशीला नऊ वाजता. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हिशोब अदमासाचा आहे आणि तो मुंबई बंदराला धरून आहे. खाडीत जसजसं आत जाल तसतशी भरती उशिरा पोचते, ठाण्याला थोडी आणि कल्याणला चांगलीच. त्यामुळे पहिल्या वेळी जरा लवकर पोचा, किंवा बंदरावर जाळं विणत बसलेल्या एखाद्या काकांना विचारा. त्यांना मिनिटाचा हिशोब तोंडपाठ असतो आणि विचारलं की ते आवडीने सांगतात.

आता या हिशोबाचा उपयोग कसा करायचा? काठावर उभं राहून पक्षी बघायचे असतील तर ओहोटीची शेवटची वेळ आणि चढत्या भरतीचा पहिला तास-दीड तास गाठा. चिखल उघडा असतो आणि वर चढणारं पाणी पक्ष्यांना हळूहळू तुमच्याकडे ढकलत आणतं. सकाळी जाणार असाल तर प्रतिपदा ते चतुर्थी हे दिवस सोयीचे, कारण ओहोटी साधारण सात ते नऊच्या मध्ये येते. संध्याकाळी जाणार असाल तर चतुर्दशी, पौर्णिमा आणि अमावास्या बऱ्या. बोटीतून फिरायचं असेल तर गणित नेमकं उलटं होतं. बोटीला पाणी लागतं, म्हणून सकाळच्या फेरीसाठी दशमी ते त्रयोदशी बघा. आणखी एक लक्षात असू द्या. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप वर चढतं आणि खूप खाली उतरतं, त्यामुळे चिखलाचं मैदानही लांबवर उघडं पडतं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते, तेव्हा फरक कमी. लहान मुलांना पहिल्यांदा नेत असाल तर उधाणाचा दिवस निवडा, पाणी डोळ्यांदेखत सरकताना दिसतं.

जायचं कुठे, हे ठरवण्याआधी आपल्या भागातलं पाणी नीट समजून घेऊ. बोर घाटाच्या डोंगरात उगम पावलेली उल्हास नदी कर्जत, बदलापूर करत कल्याणला येते आणि तिथून पुढे तिच्यात भरती-ओहोटी शिरते. डोंबिवली, दिवा, मुंब्रा असं करत ती ठाण्यापाशी येते. तिचं मुख्य पाणी घोडबंदर-गायमुखाच्या अंगाने वसईकडे जातं. एक चिंचोळा फाटा मात्र कळव्याच्या पुलाखालून दक्षिणेला उतरून ठाणे खाडीला मिळतो. म्हणजे ठाणेकरांच्या वाट्याला दोन वेगळ्या स्वभावाची पाणी आली आहेत. ऐरोलीकडची खाडी रुंद, उथळ, चिखलाची. कल्याण-डोंबिवलीकडची अरुंद, नदीसारखी, काठावर बंदरं आणि घाट असलेली. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायचे तर पहिलीकडे जा. संध्याकाळ निवांत घालवायची तर दुसरीकडे.

पहिलीकडे जायचं तर ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र ही सगळ्यात सोयीची जागा आहे. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची वाशी किंवा पनवेल लोकल पकडायची, ऐरोलीला उतरायचं आणि रिक्षा करायची. केंद्र वनविभागाच्या कांदळवन कक्षाने उभारलं आणि 2017 पासून ते लोकांसाठी खुलं आहे. आत खाडीची, माशांची, कांदळवनाची माहिती देणारी दालनं आहेत, आणि कांदळवनातून जाणारी उंचावलेली पायवाट आहे. माझ्या मते दालनांपेक्षा या पायवाटेला जास्त वेळ द्यावा. पाय चिखलात न घालता तिवराच्या जंगलात उभं राहता येईल अशा जागा आपल्याकडे फार थोड्या आहेत. आजी-आजोबांनाही तिथे नेता येतं. बोटीच्या फेऱ्या इथूनच सुटतात. त्यांच्या वेळा भरतीप्रमाणे रोज बदलतात आणि हिवाळ्यातल्या सुटीच्या दिवशी जागा भरलेल्या असतात. म्हणून जाण्याआधी नोंदणी करा आणि केंद्राची साप्ताहिक सुटी कधी असते तेही तेव्हाच विचारून घ्या. नुसतं पोचून ‘बघू’ म्हणणाऱ्यांना बहुधा परत फिरावं लागतं.

ऐरोली पूल आणि वाशी पूल यांच्या मधला भाग 2015 मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. क्षेत्र सुमारे 1,690 हेक्टर, त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त कांदळवन आणि बाकी पाणी. 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. नांदूर मधमेश्वर आणि लोणार यांच्यानंतर हा मान मिळालेली महाराष्ट्रातली ही तिसरी पाणथळ जागा. दीड कोटीच्या वर वस्तीच्या महानगराला खेटून, दोन्ही बाजूंनी कारखाने, महामार्ग आणि इमारती असताना हे झालं, याचं मला फार अप्रूप वाटतं. लाखाच्या घरात रोहित इथे उतरतात ते आपल्या कौतुकासाठी नव्हे. या चिखलात वाढणारं शेवाळ त्यांचं अन्न आहे, आणि शहराच्या सांडपाण्यातून येणारी पोषकद्रव्यं त्या शेवाळाला पोसतात. याचा अर्थ सांडपाणी चांगलं असा मात्र कुणी घेऊ नये. तेच पाणी माशांचा जीव घेतं आणि कोळ्यांच्या जाळ्यात मासळीऐवजी प्लॅस्टिक भरतं.

रोहित साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात येतात आणि पावसाच्या तोंडावर जातात. त्यांची वीण कच्छच्या रणात होते. दोन जाती असतात आणि त्या ओळखणं अवघड नाही. मोठा रोहित उंच, जवळजवळ पांढरा, चोच गुलाबी आणि टोकाला काळी. धाकटा रोहित बुटका, रंगाने गडद गुलाबी, चोच काळपट लाल. ठाणे खाडीत धाकट्यांचेच थवे मोठे. दुर्बीण असेल तर एकाच पक्ष्यावर रोखून धरा आणि पाच मिनिटं हलवू नका. तो मान खाली घालून चोच उलटी धरतो. वरची चोच खाली, खालची वर. पाय जागच्या जागी नाचवून गाळ ढवळतो, आणि जिभेने पाणी आत-बाहेर करत चोचीच्या कडांच्या बारीक गाळणीतून शेवाळ गाळून घेतो. करड्या रंगाचे काही दिसले तर ती आजारी पाखरं नव्हेत, ती पिल्लं. गुलाबी रंग त्यांना खाण्यातून, हळूहळू, काही वर्षांनी चढतो.

थव्यांकडे बघताना बाकीच्यांकडे दुर्लक्ष होतं, ते होऊ देऊ नका. लांब, खाली वाकलेल्या चोचीचा कुरल, लाल पायांवर तुरुतुरु चालणारे शेकाटे, वर वळलेल्या चोचीचा उचाट्या, सतत शेपूट हलवणारा तुतवार, पंख पसरून वाळवत बसलेला पाणकावळा, आभाळात ब्राह्मणी घार. यांतले बरेच सप्टेंबर-ऑक्टोबरपासूनच यायला लागतात. तेव्हा रोहित आले नाहीत म्हणून ऑक्टोबर वाया गेला असं समजू नका.

ठाण्यात राहणाऱ्यांना घोडबंदर रस्त्यावरची गायमुख चौपाटी जवळची. एका अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराची उतरती सोंड, दुसऱ्या अंगाला खाडी. पक्षी कमी, वारा भरपूर, बसायला जागा आहे. सुटीच्या संध्याकाळी घोडबंदरची वाहतूक कशी असते हे ठाणेकरांना सांगायला नको. शक्यतो सकाळी जा, आठच्या आत.

कल्याणकरांना दुर्गाडीसारखी जागा आहे आणि ते तिकडे फक्त नवरात्रात आणि विसर्जनाला जातात, याचं मला वाईट वाटतं. 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठी आरमाराची सुरुवात याच खाडीत झाली. किल्ला म्हणजे छोटी टेकडी, चढायला दमछाक नाही. वरून खाडीचं वळण आणि भिवंडीकडचा काठ दिसतो. खाली गणेश घाटावर बसलात तर पश्चिम समोर येते. इथे जहाजं का बांधली गेली असतील, हे मुलांना तिथेच उभं करून विचारा. समोर भरती-ओहोटीचं पाणी, मागे घाटावर जाणाऱ्या वाटा आणि सह्याद्रीतलं लाकूड. उत्तर त्यांना स्वतःलाच सापडतं. जरा पुढे गांधारीच्या पुलाच्या परिसरात हिवाळ्याच्या सकाळी नदीकाठचे पक्षी चांगले मिळतात.

डोंबिवलीकरांनी पश्चिमेला रेतीबंदर-मोठागाव गाठावं. नावाप्रमाणे हे रेतीचं बंदर. कोळी आणि आगरी समाजाची जुनी गावं आजूबाजूला आहेत आणि होड्या अजून बांधलेल्या दिसतात. 2024 मध्ये मोठागाव-माणकोली पूल सुरू झाल्यापासून या बाजूची वर्दळ वाढली आहे, म्हणून पुलापासून थोडं दूर सरका. सूर्य खाडीपलीकडे मावळतो. पक्ष्यांचा नाद लागला की सातपूल हे नाव डोंबिवलीच्या कुठल्याही पक्षीनिरीक्षकाकडून ऐकाल. तिथे पहिल्यांदा जाताना त्यांच्यापैकीच कुणाबरोबर जा, एकट्याने नको.

ज्यांना वेगळा वेळच काढता येत नाही, त्यांच्यासाठी रोजची लोकल आहे. ठाणे सोडलं की गाडी कळव्याआधी खाडी ओलांडते. 1854 मध्ये रेल्वे कल्याणपर्यंत गेली ती याच खाडीवर पूल बांधून. पुढे मुंब्रा, दिवा, कोपर या पट्ट्यात कल्याणकडे जाताना डाव्या हाताला खाडी आणि तिवरं सोबत असतात. घाईच्या वेळेची गोष्ट सोडा, पण दुपारच्या रिकाम्या गाडीत डाव्या खिडकीची जागा मिळाली तर मोबाइल खिशात ठेवा.

जागा कुठलीही असो, एक काम जरूर करा. ओहोटीला काठावरच्या सुरक्षित जागी, जिथून चिखल हातभर खाली दिसतो तिथे, दहा मिनिटं अजिबात न हलता उभे राहा. पहिली दोन मिनिटं नुसती बिळं दिसतील. तुमची सावली बिळांवर पडत असेल तर बाजूला व्हा. मग एकेका बिळातून डोळे वर येतात, देठावर बसवल्यासारखे. त्यामागून खेकडा. नर असेल तर त्याची एक नांगी अंगाएवढी मोठी आणि दुसरी अगदी नगण्य. छोट्या नांगीने तो चिखल तोंडात घालतो, त्यातलं खाण्यासारखं काढून घेतो आणि उरलेल्याची बारीक गोळी करून खाली टाकतो. बिळाभोवती मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी असते ती याचीच. मोठी नांगी तो वर-खाली हलवत राहतो, मादीला बोलावायला आणि शेजारच्या नराला दम द्यायला. तेवढ्यात चिखलावरून काही तरी सरपटत उडी मारतं. ती निवटी. मासा आहे, पण पुढच्या परांवर रेलून चालते, आणि अंग ओलं असेपर्यंत कातडीतूनही श्वास घेते. मुलांना प्राणिसंग्रहालयातला वाघ दाखवण्यापेक्षा ही निवटी दाखवा असं मी आग्रहाने सांगेन, कारण ती त्यांच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर राहते.

तिवरांकडेही असंच जवळून बघा. बुंध्याभोवती चिखलातून सरळ वर आलेली, पेन्सिलीएवढी जी टोकं दिसतात ती या झाडाची श्वास घेणारी मुळं. या चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळांना वर पाठवतं. त्यांच्यावर पाय दिला की झाडाचं नाक दाबल्यासारखं होतं. कोरड्या दिवशी पानांवर मिठाचे कण चमकताना दिसतात. खाडीचं खारं पाणी पिऊन जास्तीचं मीठ झाड पानातून बाहेर टाकतं. चिपीची फुलं संध्याकाळी उमलतात आणि वटवाघळं त्यांच्यावर येतात. पांढरी चिपी हा 2020 पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे, तो ओळखता यायला हवा. कांदळवनातल्या कुठल्याही झाडाची फांदी मात्र मोडू नका. हुरा नावाच्या झाडाचा दुधी चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यांना गंभीर इजा होते.

तयारीचं म्हणाल तर थोडक्यात सांगतो. मातकट किंवा हिरवे कपडे, पूर्ण बाह्या, टोपी, पाणी, डासांचं मलम, पकड चांगली असलेले जुने बूट. दुर्बीण 8 बाय 42 ची पुरते. विकत घ्यायच्या आधी कुणाची तरी मागून वापरून बघा. उजेडाची दिशा मात्र विसरू नका. ऐरोली खाडीच्या पूर्व काठावर आहे, तिथून सकाळी सूर्य पाठीशी राहतो आणि पक्ष्यांचे रंग उठून दिसतात. दुपारनंतर तिथे सगळं काळं दिसतं. ठाणे पूर्वेच्या मीठबंदरासारख्या पश्चिम काठच्या जागांवर याच्या उलट. पावसाळ्यात भर भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र येणार असतील त्या दिवशी खाडीकडे फिरकू नका, घाटाच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या झालेल्या असतात.

चिखलात उतरू नका, एक पाऊलही नको. वरून टणक दिसणारा चिखल कमरेपर्यंत गिळतो आणि भरती थांबत नाही. त्यात बाटल्यांच्या काचा असतात, सांडपाणी असतं. काठावरून गोळा केलेल्या कालवं-शिवल्या घरी नेऊन शिजवण्याचा मोहही टाळा. कोळ्यांना कुठली जागा चांगली आणि कुठली नाही ते ठाऊक असतं, आपल्याला नसतं.

आणि कुरवांना शेव-गाठ्या घालू नका. हिवाळ्यात घाटांवर हे दृश्य दिसतं, दहा रुपयांच्या पुड्या विकत मिळतात, पक्षी डोक्यावर घिरट्या घालतात आणि फोटो छान येतात. पण हे पक्षी हजारो किलोमीटर उडून आलेले असतात आणि परतीच्या प्रवासासाठी त्यांना माशांची, किड्यांची चरबी लागते. तळलेलं खारट बेसन त्यांच्या पोटात गेल्याने पोट भरतं, ताकद येत नाही, आणि माणसांच्या हाताकडे बघत बसायची सवय लागते. पुडीचं प्लॅस्टिक पुन्हा पाण्यातच जातं. मुलगा हट्ट करत असेल तर त्याला दुर्बीण द्या. ड्रोनही नको. थवा एकदा बिथरून उठला की चरण्याची वेळ हुकते आणि ओहोटी काही त्याच्यासाठी थांबत नाही.

आपण फिरायला जातो त्या कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे, हे प्रत्येक पाहुण्याला माहीत असायला हवं. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये कांदळवनांची तोड आणि त्यांच्यावर भराव टाकणं यांना मनाई केली, भोवतीच्या 50 मीटरच्या पट्ट्यातही बांधकामाला बंदी घातली, आणि 2018 च्या निकालात ही बंदी पक्की केली. राडारोड्याचा ट्रक कांदळवनात रिकामा होताना दिसला तर वाद घालायला जाऊ नका. सुरक्षित अंतरावरून जागा, वेळ आणि गाडीचा क्रमांक टिपून घ्या, फोटो काढा आणि जिल्हाधिकारी कार्यालय, पोलीस किंवा वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे तक्रार द्या. पतंगाच्या मांज्यात अडकलेला किंवा जखमी पक्षी सापडला तर त्याला पाणी पाजू नका, घरी नेऊ नका. त्याच्यापासून कुत्री आणि गर्दी दूर ठेवा आणि वनविभागाच्या 1926 या मदतक्रमांकावर फोन करा. हा क्रमांक आजच मोबाइलमध्ये साठवून ठेवा.